माणहून सुटणाऱ्या गाडीचे पैसे

मुळशी तालुक्यातलं माण हे गाव पुण्यातल्या पुष्कळांना नावानं माहीत नसतं, पण तिथे ते रोज जात असतात. हिंजवडीचा आयटी पार्क म्हणून आपण जो ओळखतो, त्याचा मोठा भाग माणच्या शिवारात आहे. कंपनीच्या पत्त्यावर हिंजवडी लिहिलेलं असतं, सातबारा माणचा असतो. पुणे मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचा डेपोही याच शिवारात आहे. मेगापोलिस सर्कलपासून निघायचं, हिंजवडी, वाकड, बालेवाडी, बाणेर, विद्यापीठ चौक असं करत शिवाजीनगरला सिव्हिल कोर्टापाशी थांबायचं. लांबी 23.3 किलोमीटर, स्थानकं 23, सगळा मार्ग खांबांवरून. खर्चाचा अंदाज 8,313 कोटी रुपये. म्हणजे किलोमीटरला साडेतीनशे कोटींहून जास्त.

हे पैसे कुणाचे, असं वाकडच्या चौकात चार जणांना विचारलं तर चार उत्तरं मिळतील. एक म्हणेल टाटांचे, कारण फलकावर टाटांचं नाव आहे. दुसरा म्हणेल केंद्राचे, कारण भूमिपूजन पंतप्रधानांनी केलं. तिसरा म्हणेल आपल्याच कराचे. चौथा, बहुधा ट्रॅफिकला वैतागलेला, म्हणेल की कुणाचे का असेनात, काम कधी संपणार ते सांगा. चौघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. चौथ्याचा प्रश्न तर पैशाशी सगळ्यात जवळून जोडलेला आहे, फक्त ते त्याला कुणी सांगितलेलं नाही.

रस्ता असो की रेल्वे, तिचा खर्च शेवटी तीन जणच भागवतात: तिकीट किंवा टोल देणारा प्रवासी, कर भरणारा नागरिक, आणि प्रकल्पामुळे जिची किंमत वाढते ती जमीन. बँक, रोखेधारक, परदेशी वित्तसंस्था, खासगी कंपनी हे सगळे मधले लोक. ते पैसे आज देतात आणि उद्या व्याजासह परत घेतात. त्यांनी पैसे 'दिले' असं आपण म्हणतो, पण त्यांनी विकलेला असतो तो वेळ. ‘प्रकल्पासाठी निधी मिळाला’ ही बातमी बहुतेक वेळा कर्ज मिळाल्याची असते.

एक कल्पित हिशेब मांडून पाहू. समजा, एका प्रकल्पावर 5,000 कोटींचं कर्ज आहे आणि व्याज 9 टक्के. वर्षाचं नुसतं व्याज 450 कोटी, दिवसाचं सव्वा कोटीच्या घरात. प्रवाशामागे सरासरी 30 रुपये मिळाले, तर हे व्याज फेडायलाच रोज चार लाखांवर प्रवासी लागतील. त्यात वीज नाही, पगार नाही, दुरुस्ती नाही, मुद्दल तर नाहीच. म्हणून जगातल्या बहुतेक मेट्रो बांधकामाचा खर्च तिकिटातून वसूल करू शकत नाहीत. चालवण्याचा खर्च निघाला तरी भरून पावलं असं समजतात. आणि म्हणूनच काम एक वर्ष रखडलं की प्रश्न गैरसोयीपुरता राहत नाही. गाडी धावो वा न धावो, व्याज धावतच असतं.

आपल्या भागात हा खेळ नवा नाही. बोरघाटाचंच पाहा. जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, 1830 साली, या घाटातून गाडीरस्ता खुला झाला. घाटावर टोल होता आणि तो वसूल करण्याचा मक्ता दिला जाई. ठेकेदारानं सरकारला ठरलेली रक्कम द्यायची, नाक्यावर जमेल तितकं गोळा करायचं, उरेल ते त्याचं. एक्सप्रेसवेवर आज जे चालतं त्याचा सांगाडा हाच आहे.

मग आली रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीनं 1849 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. भांडवल लंडनच्या गुंतवणूकदारांचं, जमीन सरकारनं फुकट द्यायची, आणि गुंतवलेल्या भांडवलावर 5 टक्के परताव्याची हमी. रेल्वेला तेवढा नफा झाला नाही तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरायचा. लंडनमधल्या एखाद्या पेन्शनरासाठी याहून निर्धास्त गुंतवणूक शोधून सापडली नसती. घाटाचं काम मात्र निर्धास्त नव्हतं. बोगदे, कमानी, उभे कडे, रोगराई. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार 1859 मध्ये काम हाती घेण्यासाठी आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं ते कंत्राट सोडलं नाही. अनुभवी इंजिनिअरांना हाताशी धरून तिनं ते पुरं केलं. घाटातली लाइन 1863 मध्ये सुरू झाली. तिच्या पायी किती मजुरांनी जीव गमावला, हे कुठल्याही ताळेबंदात आलं नाही.

या हमीपद्धतीत एक खोट होती. खर्च कितीही झाला तरी त्यावर 5 टक्के मिळणारच असतील, तर खर्च आवरायचा कशाला? नफा झाला तर गुंतवणूकदाराचा वाटा, तोटा झाला तर रयतेचा. दादाभाई नौरोजींसारख्या टीकाकारांनी देशाबाहेर वाहणाऱ्या संपत्तीचा जो हिशेब मांडला, त्यात रेल्वेच्या व्याजाची ही रक्कमही होती. सरकारलाही ते जड जाऊ लागलं आणि 1869 नंतर सरकारनं स्वतः रेल्वे बांधण्याचं धोरण धरलं. मोठ्या प्रकल्पाच्या कराराकडे पाहताना पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे बोरघाटानं दीडशे वर्षांपूर्वीच दाखवून दिलं आहे: चुकलं तर कुणाच्या अंगावर येणार?

त्याच घाटातली पुढची गोष्ट मुंबई-पुणे एक्सप्रेसवेची. 1990 च्या दशकाच्या मध्याला राज्याच्या तिजोरीत एवढ्या मोठ्या रस्त्यासाठी पैसे नव्हते. खासगीकरणातून रस्ता बांधायचं ठरलं, निविदा मागवल्या, आणि रिलायन्सची सुमारे 3,600 कोटींची बोली आली. सरकारचा अंदाज त्याहून कितीतरी कमी होता. तेव्हाचे सार्वजनिक बांधकाम मंत्री नितीन गडकरी यांनी ती बोली फेटाळली. 1996 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे हे काम आलं. महामंडळानं सरकारी हमीवर रोखे विकून बाजारातून पैसा उभा केला आणि सुमारे 1,630 कोटींत रस्ता बांधला. 2002 मध्ये तो पूर्ण खुला झाला.

ही कथा सहसा इथेच थांबवली जाते, कारण इथपर्यंत ती सरकारी धडाडीची कथा आहे. पैशाच्या दृष्टीनं खरी गंमत पुढे आहे. रोख्यांची देणी डोक्यावर होती. म्हणून 2004 मध्ये एक्सप्रेसवे आणि जुना महामार्ग या दोन्हींवरचे टोलवसुलीचे हक्क 15 वर्षांसाठी आयआरबी कंपनीला 918 कोटी रुपयांना दिले गेले. पुढच्या पंधरा वर्षांत येणारा टोल सरकारनं आजच विकला. ही मुदत 2019 मध्ये संपली. त्यानंतर 2020 मध्ये हेच हक्क आणखी दहा वर्षांसाठी विकले गेले, त्याच कंपनीला, 8,262 कोटींना. त्यातले 6,500 कोटी आगाऊ.

या दोन आकड्यांवरून सरकार 2004 मध्ये ठकलं असं पटकन म्हणावंसं वाटतं. मी तसं म्हणणार नाही. 2004 मध्ये या रस्त्यावर किती गाड्या येतील हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आयआरबीनं ती जोखीम विकत घेतली आणि जोखमीची किंमत वजा करूनच बोली लावली. सोळा वर्षांनी गर्दी डोळ्यांसमोर होती. दर तीन वर्षांनी टोल 18 टक्क्यांनी वाढणार हेही ठरलेलं होतं. जोखीम उरली नाही म्हणून किंमत चढली. पण एक गोष्ट नक्की म्हणेन. बांधकामाचा खर्च फिटल्यावर टोल बंद होईल असं लोकांनी धरलं होतं, आणि तसं होणार नाही हे त्यांना वेळेवर कुणीच नीट सांगितलं नाही. टोलबद्दलचा महाराष्ट्रातला सगळा संताप या न सांगण्यात आहे.

कोल्हापुरात तो रस्त्यावर आला. शहरांतर्गत रस्त्यांचा प्रकल्प खासगी कंपनीनं बांधायचा आणि शहराच्या नाक्यांवर टोल घ्यायचा, असा करार होता. एन. डी. पाटील यांच्यासारखे वयोवृद्ध नेते आंदोलनात उतरले, नाके पेटले, आणि शेवटी टोल रद्द झाला. कंपनीची भरपाई सरकारनं करायची ठरलं. गावाच्या पायाभूत रस्त्याला टोल लावायलाच नको होता, हे आंदोलकांचं म्हणणं मला पटतं. तरी टोल गेला म्हणून खर्च गेला नाही. कोल्हापूरच्या वाहनचालकाऐवजी तो राज्यभरच्या करदात्यानं उचलला, चंद्रपूरच्यानंसुद्धा. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर 2024 मध्ये हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली तेव्हाही हाच नियम लागू होता. माफीची घोषणा करणारा मंत्री टोल माफ करत नसतो, तो भरणारा माणूस बदलत असतो.

आता परत माणकडे. पुण्याच्या पहिल्या दोन मार्गिका, म्हणजे पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी, महामेट्रोनं बांधल्या. महामेट्रो ही केंद्र आणि राज्य यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी. भांडवलाचा काही भाग दोन्ही सरकारांचा, बाकी कर्ज युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक आणि फ्रान्सची विकास संस्था एएफडी यांच्याकडून. प्रवासी कमी आले तर खड्डा सरकारनं भरायचा. तिसऱ्या मार्गिकेचा घाट वेगळा आहे. तिची मालक पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए. बांधणारी आणि चालवणारी मात्र खासगी कंपनी: टाटा समूह आणि सीमेन्स यांनी मिळून या एकाच कामासाठी काढलेली 'पुणे आयटी सिटी मेट्रो रेल'. केंद्राचं मेट्रो धोरण 2017 मध्ये आलं, आणि त्या धोरणाखाली सार्वजनिक-खासगी भागीदारीत हाती घेतलेला हा देशातला पहिला मेट्रो प्रकल्प.

एकाच कामासाठी वेगळी कंपनी काढतात ती का? कर्ज बुडालं तर बँकेनं फक्त त्या कंपनीच्या उत्पन्नाकडे आणि मालमत्तेकडे पाहावं, टाटांच्या इतर उद्योगांकडे नाही, म्हणून. उलट बाजूनं बँकेलाही सोय असते, की या प्रकल्पाचा पैसा दुसऱ्या धंद्यात वळवला जाणार नाही. त्यामुळे बँक प्रवर्तकाचं नाव पाहतेच, पण त्याहून बारकाईनं करार पाहते. अशा प्रकल्पात करार हेच तारण असतं.

आणि मेट्रो तिकिटावर फिटत नाही हे आधीच ठाऊक असल्यावर खासगी कंपनी यात पडते कशाला? त्यासाठी केंद्राची एक योजना आहे, व्हायेबिलिटी गॅप फंडिंग. प्रकल्पाचा खर्च आणि त्याची फेडण्याची ताकद यांतली दरी भरायला द्यायचं अनुदान. केंद्र प्रकल्पखर्चाच्या 20 टक्क्यांपर्यंत देतं, राज्य आणखी तेवढंच देऊ शकतं. बोली उलटी लागते. जास्तीत जास्त देणारा इथे जिंकत नाही, सरकारकडे कमीत कमी मागणारा जिंकतो. शिवाय स्थानकांजवळच्या काही सरकारी जमिनींवर व्यावसायिक बांधकाम करून उत्पन्न मिळवण्याचा हक्क कंपनीला मिळतो. करार 35 वर्षांचा. त्यानंतर मार्ग सरकारकडे.

बोरघाटाच्या हमीशी हे ताडून पाहण्यासारखं आहे. तिथे सरकार तोटा भरत राहणार होतं, कितीही आणि वर्षानुवर्षं. इथे सरकार एकदा ठराविक रक्कम देऊन मोकळं होतं, खर्च वाढला किंवा प्रवासी आले नाहीत तर कंपनी जाणे. निदान कागदावर तरी. कागदावर म्हणायचं कारण असं, की कंपनी बुडायला लागली म्हणून मेट्रो बंद करता येत नाही. हैदराबादची मेट्रो लार्सन अँड टुब्रोनं याच पद्धतीनं बांधली, कर्जाखाली ती वाकली, आणि 2025 मध्ये तेलंगण सरकारनं ती ताब्यात घ्यायचं मान्य केलं. जोखीम दुसऱ्याकडे सोपवली तरी ती वाट शोधत घरी परत येऊ शकते.

मुंबईची पहिली मेट्रो, वर्सोवा ते घाटकोपर, वेगळ्याच दगडाला अडखळली. रिलायन्सच्या पुढाकाराच्या कंपनीनं ती बांधली. भूमिपूजन 2006 मध्ये, गाडी धावली 8 जून 2014 ला. करारातलं भाडं 9 ते 13 रुपये होतं, कंपनीनं 10 ते 40 मागितलं. खर्च वाढला, उशीर सरकारमुळे झाला, असं कंपनीचं म्हणणं. करार म्हणजे करार, असं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं, म्हणजे एमएमआरडीएचं. मध्ये केंद्राचा मेट्रो कायदा, जो पहिलं भाडं ठरवण्याचा अधिकार मेट्रो चालवणाऱ्याला देतो. प्रकरण न्यायालयांत फिरत राहिलं. व्हायेबिलिटी गॅपच्या योजनेत भाडं आधी ठरवून ठेवण्याची अट असते. प्रवाशाला या कायदेशीर झटापटीतलं काही कळत नाही, कळायची गरजही नाही. पण तीस-पस्तीस वर्षांचं भाडं बांधून देणारं एक कोष्टक कुठल्यातरी कराराच्या परिशिष्टात पडून असतं, हे त्याला माहीत असायला हरकत नाही.

माण ते शिवाजीनगरच्या मार्गिकेतला सगळ्यात बोलका तपशील म्हणजे तिच्या तारखा. भूमिपूजन 18 डिसेंबर 2018. कंपनीशी करार 2019 मध्ये. बांधकामाचं घड्याळ सुरू झालं ते 25 नोव्हेंबर 2021 ला. भूमिपूजनानंतर जवळपास तीन वर्षांनी.

असं का होतं? या करारांत 'नियत दिनांक' नावाची एक तारीख असते. त्याआधी दोन्ही बाजूंनी आपापल्या अटी पुऱ्या करायच्या असतात. सरकारनं ठरलेल्या प्रमाणात जमीन मोकळी करून ताब्यात द्यायची, परवानग्या द्यायच्या. कंपनीनं बँकांशी कर्जाचे करार पक्के करायचे. जमीन हातात आल्याशिवाय बँक पैसे सोडत नाही, आणि पैसे दिसल्याशिवाय कंपनी यंत्रं आणत नाही. करारातली 40 महिन्यांची मुदत नियत दिनांकापासून मोजतात. लोक ती मोजतात भूमिपूजनापासून. कंपनीच्या हिशेबानं काम मार्च 2025 मध्ये संपायचं होतं, लोकांच्या हिशेबानं ते त्याआधीच लांबलं होतं. मार्च 2025 सुद्धा उलटून गेला. जुलै 2025 मध्ये माणच्या डेपोतून गाडी चाचणीसाठी निघाली तेव्हा मुदतवाढ सुरू होती.

उशिराची कारणं बहुतेक वेळा तांत्रिक नसतात. खांब उभे करायला इंजिनिअर मिळतात, गाड्या आंध्रातल्या श्रीसिटीच्या अल्स्टॉमच्या कारखान्यातून येतात, विजेची आणि सिग्नलची यंत्रणा सीमेन्सला पाठ असते. अडतं ते एखाद्या जिन्यापुरत्या जागेसाठी. ती कधी विद्यापीठाची, कधी केंद्र सरकारच्या खात्याची, कधी खासगी सोसायटीची. गणेशखिंड रस्त्यावर तर बांधलेलं पाडावं लागलं. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल मेट्रोचा विचार न करता बांधले होते. जुलै 2020 मध्ये, करोनाच्या काळात रस्ते रिकामे असताना, ते पाडले. त्यांचं आयुष्य दीड दशकाच्या आसपास. त्यांच्या जागी दुमजली पूल आला, खाली गाड्या आणि वर मेट्रो. पुणेकरांनी एकाच चौकातल्या पुलाचे पैसे दोनदा दिले. जो पूल बांधला त्यात दोष नव्हता, त्या पुलाशी पुढचा आराखडा बोलत नव्हता. नियोजनातली चूक खर्चाच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही, म्हणून ती सर्वांत महाग पडते.

राहिला तिसरा पैसेवाला, जमीन. मुळशीत हा विषय काढताना आवाज जपून वापरावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी याच तालुक्यात, माणपासून पश्चिमेला, टाटांच्या वीज कंपनीनं धरण बांधायला घेतलं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. जमीन घेतली गेली ती 1894 च्या भूसंपादन कायद्यानं, ज्यात सरकार खासगी कंपनीसाठीही जमीन ताब्यात घेऊ शकत होतं. मावळातली उत्तम भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्यानं दिली. लढा 1924 पर्यंत चालला आणि हरला. त्यात एक दुखरा तपशील आहे: जमिनीचे कागदोपत्री मालक असलेल्या पुण्यातल्या सावकारांपैकी अनेकांना मोबदला चालणार होता, कसणाऱ्या मावळ्यांना चालणार नव्हता. मोबदला कुणाला द्यायचा हा प्रश्न मोबदला किती, याच्या आधी येतो.

तो 1894 चा कायदा स्वतंत्र भारतात 2013 पर्यंत टिकला. नव्या कायद्यानं बाजारभावाला ग्रामीण भागात दुपटीपर्यंत गुणक लावला, त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम दिली, आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या प्रकल्पांत बाधितांपैकी 70 टक्के कुटुंबांची संमती मागितली. दुप्पट भाव, त्यावर तेवढाच दिलासा, म्हणजे चौपट. थेट वाटाघाटीनं खरेदीखत केलं तर आणखी पाव. समृद्धी महामार्गाच्या वेळी ‘पाचपट मोबदला’ म्हणून जे गाजलं, ते गणित हेच. समृद्धीत आधी जमीन एकत्रीकरणाची योजना मांडली होती, शेतकऱ्यांनी ती नाकारली आणि रोख मागितली. 701 किलोमीटरच्या त्या रस्त्याचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. एवढ्या लांबीच्या मानानं काम वेगानं झालं, आणि माझ्या मते त्याचं मोठं श्रेय सिमेंटपेक्षा त्या पाचपटीला आहे.

माण आणि म्हाळुंगे इथे पीएमआरडीएनं दुसरी वाट धरली, नगररचना योजनेची. टीपी स्कीम म्हणून ती ओळखली जाते. पद्धत मुंबई प्रांतातच 1915 च्या कायद्यानं सुरू झालेली. सुमारे 250 हेक्टर क्षेत्र एकत्र धरायचं, रस्ते, बागा, शाळा, सेवा यांची जागा काढायची आणि साधारण निम्मी जमीन मालकाला नीट आखलेल्या भूखंडाच्या रूपानं परत द्यायची. शेतकऱ्याचं क्षेत्र घटतं, पण उरलेल्याला रस्ता लागतो, बांधकामाचा हक्क मिळतो आणि भाव चढतो. सरकारला रस्त्यासाठी रोख मोबदला द्यावा लागत नाही. जमिनीची वाढलेली किंमत हाच निधी. कल्पना उत्तम आहे. ती चालते मात्र एकाच अटीवर: परत मिळालेल्या भूखंडापर्यंत रस्ता, पाणी आणि वीज ठरल्या वेळी यायला हवी. ती दहा वर्षांनी आली तर शेतकऱ्यानं अर्धी जमीन बिनव्याजी उसनी दिल्यासारखं होतं.

जमिनीच्या भाववाढीतून सरकार दुसऱ्या वाटेनंही थोडं घेतं. पुण्यात घराच्या खरेदीवर मुद्रांक शुल्कासोबत 1 टक्का मेट्रो अधिभार 1 एप्रिल 2022 पासून द्यावा लागतो. तो कोथरूडच्याही खरेदीदाराला पडतो आणि मेट्रोपासून दूर असलेल्या धनकवडीच्याही. स्थानकापासून पाचशे मीटरवर ज्याची दहा एकर जमीन पडून आहे आणि भाव चढण्याची वाट पाहते आहे, त्याला तो विक्री होईपर्यंत पडत नाही. घर घेणाऱ्या तरुण जोडप्याकडून वसुली सोपी असते, साठवून बसलेल्याकडून अवघड. सरकार सोपं ते करतं.

मोठ्या प्रकल्पांना पैसा मिळत नाही अशी तक्रार आता महाराष्ट्रात फारशी खरी नाही. एक्सप्रेसवे, समृद्धी, मेट्रो, पुण्याभोवतीचा चक्राकार मार्ग, या सगळ्यांसाठी बँका, रोखे, अनुदानं, परदेशी संस्था रांगेत उभ्या राहतात, कारण त्यांना टोल लावता येतो, तिकीट लावता येतं, किंवा निदान सरकारची हमी मिळते. पैसा मिळत नाही तो ज्याला तिकीट लावता येत नाही त्याला. माणच्या स्थानकातून उतरलेल्या माणसाला घरापर्यंत जायला पदपथ, पावसाळ्यात पाणी वाहून नेणारी गटारं, दोन रस्त्यांना जोडणारा तिसरा लहान रस्ता: यातलं काहीच बँकेला फेडता येण्यासारखं नाही.

हे काम कुणाचं, यावरही एकमत नाही. आयटी पार्कातले रस्ते एमआयडीसीचे, काही पीएमआरडीएचे, काही सार्वजनिक बांधकाम खात्याचे, काही जिल्हा परिषदेचे, गावठाणातले ग्रामपंचायतीचे. ग्रामपंचायतीचं उत्पन्न मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि वित्त आयोगाचा निधी. लाखो लोकांची रोजची ये-जा तिच्या हद्दीतून, तिचा कारभार मात्र एका गावाच्या मापानं आखलेला. म्हणून माण, हिंजवडी, मारुंजी, नेरे, जांबे, सांगवडे, गहुंजे ही गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत हा प्रस्ताव वर्षानुवर्षं पुढे येतो. त्याला पाठिंबाही आहे आणि विरोधही. महापालिका आली की कर वाढतो हे सर्वांना दिसतं, रस्ता कधी येईल ते दिसत नाही.

माझं मत विचाराल तर पुढच्या प्रत्येक मेट्रोच्या करारात स्थानकाभोवतीचा एक किलोमीटर प्रकल्पाचाच भाग धरावा. पदपथ, गटारं आणि जोडरस्ते त्याच अंदाजपत्रकात, त्याच नियत दिनांकाला बांधलेले. 8,313 कोटींच्या कामात तो खर्च डोळ्यांत भरण्याइतकाही नसता. मुंबई-पुण्याच्या मेट्रोंत हे काम नंतर, तुकड्यातुकड्यानं, महापालिकेच्या गळ्यात पडतं, आणि माणसारख्या गावात ते ज्याच्या गळ्यात पडतं त्याच्याकडे त्यासाठी पैसे नसतात.